जिताड्याच्या अंगावरील चपटा कृमी : दुसऱ्या स्नानाचे महत्त्व

मासा धरणे आणि मासा वाढविणे या दोन गोष्टी सर्वस्वी भिन्न आहेत. समुद्रातून मासा धरून आणणाऱ्यास त्याच्या रोगाची चिंता करण्याचे कारण पडत नाही. मासा वाढविणाऱ्यास मात्र ती चिंता भातावरील करप्याइतकीच करावी लागते. अलीकडील काळात कोकणातील खाड्यांत तरंगते पिंजरे उभारून त्यांत जिताडा वाढविण्याचा व्यवसाय सुरू झाला आहे. खाडीकाठी ज्याची शेती आहे असा शेतकरी गटाच्या साहाय्याने हा जोडधंदा करू लागल्यामुळे, भाताच्या व आंब्याच्या रोगांविषयी विचारणारे लोक आता माशाच्या रोगांविषयीही गावपातळीवरील कार्यकर्त्यांस विचारू लागले आहेत. त्यांच्या उपयोगासाठी अशा एका रोगाची माहिती या लेखात देण्याचे योजिले आहे. हा रोग जंतूंमुळे होत नसून माशाच्या त्वचेवर राहणाऱ्या एका चपट्या कृमीमुळे होतो.

रायगडकडे ज्यास जिताडा व गोव्याकडे चोणक म्हणतात, त्याच माशास ऑस्ट्रेलियात बॅरामुंडी हे नाव आहे. त्या देशाच्या क्वीन्सलँड प्रांताच्या उत्तर भागात हिंचिनब्रुक नावाची सामुद्रधुनी आहे. तेथील पिंजऱ्यांत वाढविलेल्या या माशांवर २००० साली या कृमीची साथ आली आणि सुमारे २ लक्ष मासे, म्हणजे वजनाने सुमारे ५० टन मासे, मृत्युमुखी पडले. मासा तोच, पिंजऱ्याची पद्धत तीच व पाणीही उष्ण प्रदेशातीलच. तेव्हा ही हकीकत दूरची म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

कृमीची ओळख

या कृमीच्या गटास शास्त्रज्ञ निओबेनेडेनिया असे म्हणतात. न्यूयॉर्क येथील मत्स्यालयातील माशांवर आढळलेल्या यातील एका जातीचे वर्णन मॅक्कॅलम यांनी १९२७ साली प्रसिद्ध केले. पुढे निरनिराळ्या देशांतील पाळीव समुद्री माशांवर असेच कृमी आढळून आले व त्यांस कधी मेलेनी तर कधी गिरेली अशी जातींची नावे दिली गेली. जगभर मत्स्यशेतीचे नुकसान करणारी जात मुख्यत्वे गिरेली हीच होय, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक परीक्षणांवरून दिसून आले. शेतकऱ्याच्या दृष्टीने नावाचा हा वाद गौण आहे, कारण कृमीची राहणी व त्यावरील उपाय नावाप्रमाणे बदलत नाहीत.

पूर्ण वाढलेला कृमी काही मिलिमीटर लांबीचा, लंबवर्तुळाकार व पानासारखा चपटा असतो. त्याच्या मागील टोकास एक वाटोळी चकती असून तिच्यावर बारीक आकडे असतात. या चकतीने तो माशाच्या त्वचेस घट्ट चिकटून राहतो आणि पुढील तोंडाने त्वचेचा वरचा पापुद्रा व त्यावरील बुळबुळीत द्रव खातो. त्याचे शरीर जवळजवळ पारदर्शक असल्यामुळे ओल्या माशाच्या अंगावर तो डोळ्यांस दिसत नाही. रोग बळावेपर्यंत शेतकऱ्यास त्याचा पत्ता लागत नाही याचे कारण हेच होय.

मेंढ्यांच्या यकृतात होणारा पानासारखा कृमी आपल्या शेतकऱ्यांस ठाऊक आहे. तोही चपट्या कृमींपैकीच आहे. परंतु त्यास आपला जीवनक्रम पुरा करण्यास पाणथळ जागेतील गोगलगायीची गरज लागते, आणि म्हणून गोगलगायींचा नाश केला असता त्याची साखळी तुटते. माशावरील हा कृमी तसा परावलंबी नाही. त्यास मध्ये दुसरा कोणताही प्राणी लागत नाही. माशावरून अंडे पाण्यात, अंड्यातून अळी आणि अळी पुन्हा माशावर, असा त्याचा सरळ मार्ग आहे. त्यामुळे साखळी कोठे तोडावयाची हा प्रश्न येथे अधिक काळजीने सोडवावा लागतो.

जीवनक्रम

या कृमीत नर व मादी असा भेद नसतो. एकाच शरीरात दोन्ही इंद्रिये असतात. इतकेच नव्हे, तर एकटा पडलेला कृमीही फलित अंडी घालू शकतो. जिताड्यावरील अशा एकट्या कृमीचे ऑस्ट्रेलियात निरीक्षण केले असता त्याने सुमारे १७ दिवसांत ३,२०० हून अधिक अंडी घातल्याचे दिसून आले. या आकड्याचा हिशेब शेतकऱ्याने स्वतः करून पाहावा. शंभर अंड्यांपैकी एकच कृमी जगला असे धरले, तरी एका कृमीपासून ३२ कृमी होतात. आणि ते ३२ कृमी पुढे १ लक्षाहून अधिक अंडी घालतात. पिंजऱ्यात आलेल्या बोटुकलीवर एकच कृमी होता, असे म्हणून स्वस्थ बसणे किती महागात पडेल हे यावरून लक्षात येईल.

अंडे साध्या डोळ्यांस न दिसण्याइतके बारीक असते. त्याचा आकार शिंगाड्याची आठवण व्हावी असा टोकदार असून त्यास एक लांब तंतू असतो. हा तंतू महत्त्वाचा आहे. पाण्याबरोबर वाहून जाण्याऐवजी अंडे या तंतूच्या योगाने जाळ्याच्या धाग्यांत व जाळ्यावर वाढलेल्या शेवाळात अडकून बसते. म्हणजे पिंजऱ्याचे जाळे हेच या कृमीचे बीजगृह होय.

अंडी बहुधा रात्रीच्या अंधारात अधिक घातली जातात व पहाटे उजाडल्यावर फुटतात. वरील निरीक्षणात सुमारे चारपंचमांश अळ्या उजेडाच्या पहिल्या तीन तासांतच बाहेर पडल्या. अळीच्या अंगावर बारीक केस असतात व त्यांच्या साहाय्याने ती पोहते. तिचे आयुष्य फार थोडे, एक-दोन दिवसांचेच असते. तेवढ्या वेळात मासा सापडला नाही तर ती मरते. खुल्या समुद्रात मासे विखुरलेले असल्यामुळे बहुतेक अळ्यांची हीच गत होते व कृमींची संख्या आटोक्यात राहते. पिंजऱ्यात मात्र अळी ज्या जाळ्यावर जन्मते त्याच जाळ्याच्या आत शेकडो मासे दाटीने फिरत असतात. निसर्गाने घातलेला आळा आपणच अशा रीतीने काढून टाकतो, आणि म्हणून त्याची भरपाईही आपणच केली पाहिजे.

पाणी जितके उबदार व खारट, तितकी या कृमीची वाढ जलद होते. जिताड्यावरील प्रयोगांत २६ ते ३२ अंश सेल्सियस तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात त्याचा संपूर्ण जीवनक्रम सुमारे १० ते १३ दिवसांत पुरा झाला. २२ ते २४ अंशांस त्यास १५-१६ दिवस लागले. आपल्या खाड्यांत पावसाळ्यात गोडे पाणी उतरून खारटपणा उणावतो, तेव्हा या कृमीस अनुकूल परिस्थिती नसते. पावसाळा संपून पाणी पुन्हा खारट झाल्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंतचा काळ विशेष दक्षतेचा समजावा.

लक्षणे

कृमी लागलेला मासा अस्वस्थ होतो. तो जाळ्यास किंवा पिंजऱ्याच्या दोरास अंग घासतो, मधूनच एकदम उसळी घेतो व खाद्य टाकले असता पूर्वीच्या चपळाईने वर येत नाही. पुढे अंगावरचा बुळबुळीत थर वाढून रंग मळकट दिसतो, खवले निघतात व लाल चट्टे पडतात. डोळ्यांवर कृमी बसल्यास डोळे धुरकट होऊन मासा आंधळाही होतो. जेथे त्वचा सोलली गेली तेथे जंतूंचा शिरकाव होतो, आणि पुष्कळ वेळा अखेरचा मृत्यू या जंतूंमुळे घडतो. मेलेल्या माशाच्या जखमा पाहून शेतकरी त्यांचीच चिकित्सा करू लागतो व मूळ कारण तसेच राहते.

एक गोष्ट येथे स्पष्ट करणे इष्ट आहे. हा कृमी माणसास होत नाही. त्यामुळे असा मासा शिजवून खाण्यास भीती बाळगण्याचे कारण नाही. तथापि जखमी व धुरकट डोळ्यांच्या माशास बाजारात भाव मिळत नाही, व वर्ष-सव्वा वर्षाच्या खाद्याचा खर्च अंगावर पडतो.

बादलीची परीक्षा

या कृमीची सर्वांत मोठी उणीव म्हणजे त्यास गोडे पाणी मानवत नाही. गोड्या पाण्यात त्याचे पारदर्शक शरीर थोड्याच वेळात पांढरे होते, त्याची पकड सुटते व तो गळून पडतो. या गुणाचा उपयोग परीक्षेसाठी सहज करता येतो. दर आठवड्यास पिंजऱ्यातील पाच-सहा मासे हातजाळ्याने काढून, गोडे पाणी भरलेल्या गडद रंगाच्या बादलीत किंवा पिंपात सुमारे पाच मिनिटे ठेवावेत. नंतर मासे परत सोडून पाणी स्थिर होऊ द्यावे. तळाशी तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे ठिपके दिसल्यास कृमी आहेत असे समजावे. ते मोजून, माशांच्या संख्येने भागून, दर माशी किती कृमी पडले ते तारखेसह वहीत लिहून ठेवावे. आकडा आठवड्यागणिक चढत असेल तर लक्षणांची वाट न पाहता उपाय सुरू करावा. या परीक्षेस पैसा लागत नाही व शाळकरी मुलासही ती करता येते.

गोड्या पाण्याचे स्नान

जो गुण परीक्षेस उपयोगी तोच उपचारासही उपयोगी पडतो. जिताडा हा खाऱ्या व गोड्या अशा दोन्ही पाण्यांत राहू शकणारा मासा असल्यामुळे गोड्या पाण्याचे स्नान त्यास इतर समुद्री माशांपेक्षा चांगले सोसते. हे स्नान पुढीलप्रमाणे द्यावे :

(१) आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवावे. रिकाम्या पोटी मासा हाताळणी सोसतो.

(२) काम सकाळी, ऊन चढण्यापूर्वी करावे. शक्य तर भांगाचे दिवस निवडावेत. पाण्याची ओढ कमी असल्यामुळे जाळे बदलणे सोपे जाते.

(३) टाकीत किंवा मजबूत ताडपत्रीच्या हौदात विहिरीचे स्वच्छ गोडे पाणी भरावे. ब्लीचिंग पावडर टाकलेले पाणी वापरू नये. हवा सोडण्याचा लहान पंप चालू ठेवावा.

(४) एका वेळी थोडेच मासे घ्यावेत व पाच ते दहा मिनिटे ठेवावेत. या वेळात एका माणसाने दुसरे काही न करता माशांकडेच पाहावे. मासे कलू लागल्यास किंवा पृष्ठभागावर धापा टाकू लागल्यास त्वरित बाहेर काढावेत.

(५) माशांबरोबर येणाऱ्या खाऱ्या पाण्याने हौदातील पाणी हळूहळू खारट होते व त्याचा गुण कमी होतो. म्हणून काही खेपांनंतर पाणी बदलावे.

(६) वापरलेले पाणी खाडीत ओतू नये. कृमी मेले तरी त्यांची अंडी मरत नाहीत. हे पाणी काठापासून दूर, कोरड्या जमिनीवर जिरवावे.

(७) स्नान दिलेले मासे जुन्या जाळ्यात न सोडता स्वच्छ केलेल्या दुसऱ्या जाळ्यात सोडावेत. जुने जाळे काठावर आणून घासून धुवावे व दोन-तीन दिवस कडक उन्हात पूर्ण वाळवावे. अंडी उन्हाने वाळून मरतात.

दुसरे स्नान का आवश्यक

वरील सर्व उपाय नीट केले तरी काम अर्धेच होते, ही या लेखातील मुख्य गोष्ट होय. गोड्या पाण्याने माशावरील कृमी मरतात. अंड्यांवर मात्र अशा थोड्या वेळच्या स्नानाचा परिणाम होत नाही. जाळे बदलले तरी पिंजऱ्याच्या सांगाड्यावर, दोरांवर व शेजारच्या पिंजऱ्यांवर काही अंडी उरतातच. ती पुढील काही दिवसांत फुटतात व नवे कृमी माशांवर चढतात.

याचा अनुभव प्रस्तुत लेखकास एका खाडीकाठी आला. तेथील गटाचे मासे खाणे सोडून जाळ्यास अंग घासू लागले होते. बादलीची परीक्षा केली तेव्हा तळ पांढरा झाला. सर्वांनी दोन दिवस राबून होडीने गोडे पाणी वाहिले व एकूणएक मासे न्हाऊन काढले. तिसऱ्या दिवशी मासे खाद्यावर तुटून पडले. गटाच्या प्रमुख बाई म्हणाल्या, “साहेब, आता पुन्हा हे पाणी वाहायला लागणार नाही ना?” मासे इतके सुधारलेले पाहून लेखकाने त्यांस “नाही” असे सांगितले. तीन आठवड्यांनी निरोप आला तो मासे मरू लागल्याचा. बाईंनी दोष दिला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “तुम्ही सांगितलं असतं तर आम्ही आणखी एकदा वाहिलं असतं.” त्यांचे म्हणणे खरे होते. त्यांच्याकडे कष्टांची कमतरता नव्हती. आमच्याकडून माहिती अपुरी दिली गेली होती. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही चूक पुन्हा करू नये, म्हणून ती येथे नमूद केली आहे.

दुसऱ्या स्नानाची वेळ नेमकी साधली पाहिजे. ते फार लवकर दिले तर बरीच अंडी फुटावयाची राहतात व त्यांतील अळ्या स्नानानंतर माशांवर चढतात. फार उशिरा दिले तर नवे कृमी मोठे होऊन स्वतः अंडी घालू लागतात आणि सर्व चक्र पुन्हा सुरू होते. जुनी अंडी फुटून गेली आहेत परंतु नवे कृमी अजून अंडी घालू लागलेले नाहीत, असा मधला काळ गाठावयाचा असतो. शेतात तण काढताना आपण हेच करतो. पहिल्या खुरपणीनंतर जमिनीतील उरलेले बी उगवू देतो, परंतु त्यास फुलोरा येण्यापूर्वी दुसरी खुरपणी करतो.

उबदार पाण्यात पहिल्या स्नानापासून साधारणतः सातव्या-आठव्या दिवशी दुसरे स्नान द्यावे. थंडीत पाणी २२ ते २४ अंशांपर्यंत उतरले असल्यास आणखी दोन-तीन दिवस थांबावे. म्हणून पिंजऱ्यावर साधा तापमापक ठेवून रोज सकाळी तापमान लिहिण्याची सवय ठेवावी. दुसऱ्या स्नानानंतर आठवड्याने बादलीची परीक्षा करावी. कृमी पुन्हा आढळल्यास तिसरे स्नान द्यावे. एकाच खाडीत जवळजवळ अनेक पिंजरे असतील तर सर्वांनी ठरवून एकाच वेळी स्नान द्यावे. एकाने दिले व शेजाऱ्याने दिले नाही, तर शेजाऱ्याच्या पिंजऱ्यातील अळ्या प्रवाहाबरोबर येऊन पहिल्याचे कष्ट वाया घालवतात.

काही देशांत या कृमीवर हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी औषधेही वापरली जातात. परंतु त्यांच्या मात्रेतील थोड्या चुकीनेही मासे दगावतात. म्हणून मत्स्यतज्ज्ञांच्या प्रत्यक्ष देखरेखीशिवाय कोणतेही औषध पिंजऱ्यात वापरू नये.

रोग येऊ नये म्हणून

जपानमध्ये गिरेली जातीचा कृमी बाहेरून आणलेल्या माशांच्या पिलांबरोबर आला असावा, असे तेथील शास्त्रज्ञांनी १९९५ साली दाखवून दिले. यातून घेण्याचा धडा सोपा आहे. नवीन बोटुकली आणल्यावर ती एकदम पिंजऱ्यात सोडू नये. प्रथम तिची बादलीत परीक्षा करावी, गोड्या पाण्याचे स्नान द्यावे व काही दिवस वेगळ्या जाळ्यात ठेवावी. पिंजऱ्यात माशांची दाटी करू नये. जाळ्यावर शेवाळ व शिंपले साचू देऊ नयेत. त्यामुळे पाण्याचा प्रवाह अडतो व अंड्यांस आसरा मिळतो. प्रत्येक पिंजऱ्यास एक जादा जाळे असावे, म्हणजे एक पाण्यात असताना दुसरे उन्हात वाळत राहील. मेलेले मासे पाण्यात न टाकता काठावर पुरावेत.

सारांश, हा कृमी अंगावर दिसत नाही म्हणून तो नाही असे समजू नये. बादलीने त्याचा शोध घ्यावा. पहिल्या स्नानाने मासा बरा दिसू लागतो, परंतु पिंजरा शुद्ध होतो तो दुसऱ्या स्नानानेच. पहिल्या स्नानाच्या दिवशीच दुसऱ्याची तारीख वहीत लिहावी, गटातील माणसांस कामे वाटून द्यावीत व मासे कितीही तरतरीत दिसले तरी ती तारीख चुकवू नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पिंजऱ्यास भेट देताना प्रथम ही वही पाहावी, व तीत दुसरी तारीख लिहिलेली नसल्यास ती आपल्यासमोर लिहवून घ्यावी.